परदेशी सेवेतील पहिला नाताळ : कोल्हापूरहून केनियाला जाणाऱ्या सेवकांसाठी मार्गदर्शक

कोल्हापूरच्या ख्रिस्ती समाजाला मिशनरी पाहुणा नवा नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये येथे येऊन काम सुरू केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये याच शहरात जन्मला आणि पुढे विद्यार्थ्यांना परदेशी सेवेसाठी उभे करणाऱ्या चळवळीचा एक पुढारी झाला. पाहुण्यांचे स्वागत कसे करावे हे आपल्या मंडळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, पण स्वतः पाहुणे होऊन दुसऱ्यांच्या मंडळीत नाताळ कसा साजरा करावा याची तयारी मात्र आपल्याकडून कोणी करून घेत नाही. आम्ही उभयता केनियात सेवेसाठी राहिलो. त्या अनुभवावरून आणि इतर देशांत गेलेल्या सहकाऱ्यांकडून जे कळले त्यावरून हा लेख लिहीत आहे.

सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. परदेशातला पहिला नाताळ हा तिथल्या मंडळीचा सण आहे आणि तुम्ही त्यात पाहुणे आहात. कोल्हापूरचा नाताळ तिथे उभा करण्याचा हट्ट धरला, तर यजमानही अवघडतात आणि तुमचेही समाधान होत नाही. आपल्या पद्धतीचा सण अवश्य करावा, पण तो वेगळ्या दिवशी आणि घरापुरता.

१. सप्टेंबरमध्येच तारीख आणि कायदा पाहून घ्यावा

नाताळ सर्वत्र २५ डिसेंबरलाच असतो, हे गृहीत धरू नये. इथिओपिया आणि इजिप्तमध्ये ख्रिस्तजयंती ७ जानेवारीला असते. इथिओपियात तर तिच्या आधी ४३ दिवसांचा उपवास असतो आणि त्या काळात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. अशा वेळी शेजाऱ्याच्या घरी केक घेऊन जाणे म्हणजे त्याला संकटात टाकणे होय. थायलंड आणि जपान येथे २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी नसते, म्हणून अनेक मंडळ्या मुख्य कार्यक्रम जवळच्या रविवारी ठेवतात. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, परंतु तेथील संविधानाने आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेने धर्मांतर करवणे हा गुन्हा ठरवला आहे. परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढण्याचीही तरतूद आहे. तिथे नाताळच्या भेटवस्तूंबरोबर पत्रके वाटण्याचा मोह स्थानिक पाळकांना विचारल्याशिवाय कधीही करू नये.

केनियात ही अडचण नाही. २५ आणि २६ डिसेंबर या दोन्ही दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या आसपास संपत असल्यामुळे डिसेंबरभर मुले घरी असतात. संडे स्कूलचे सगळ्यात मोठे काम याच महिन्यात चालते. पुढील टप्पे केनिया डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. त्यांचा क्रम मात्र कोणत्याही देशाला लागू पडेल.

२. कागदपत्रे नाताळच्या भरवशावर ठेवू नयेत

डिसेंबरच्या मध्यापासून तिथली कार्यालये सुस्तावतात, आणि तुमचा परवाना त्या काळात अडकला तर जानेवारीपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. पर्यटकांना मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगीवर जाऊन सेवा सुरू करण्याचा सल्ला काही जण देतात. तो मुळीच ऐकू नये. धार्मिक व सेवाभावी कामासाठी केनियात ‘आय’ वर्गाचा स्वतंत्र परवाना असतो आणि त्याचा अर्ज यजमान संस्था करते. जवळ ठेवायची कागदपत्रे अशी :

– पासपोर्ट आणि त्याच्या प्रती. मुदत भरपूर शिल्लक असावी. नूतनीकरणासाठी कोल्हापूरच्या पोस्टातील पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आधीच घ्यावी.
– पोलिस ना-हरकत दाखला. त्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरच करावा लागतो.
– यजमान मंडळीचे निमंत्रणपत्र आणि त्या संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत.
– आपल्या मंडळीचे शिफारसपत्र, इंग्रजीत, पाळक व सचिव या दोघांच्या सह्यांनिशी.
– शैक्षणिक प्रमाणपत्रे, तसेच पाळकीय दीक्षा झाली असल्यास तिचा दाखला.
– पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड.

शेवटचे कागदपत्र सर्वांत जास्त विसरले जाते. भारतातून केनियात शिरताना ते सहसा कोणी मागत नाही, म्हणून लोक निश्चिंत राहतात. पण केनियातून भारतात परतताना ते दाखवावे लागते आणि नसल्यास विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. घरच्या लग्नासाठी किंवा कोणाच्या आजारपणामुळे अचानक परतायची वेळ आली, तर हे सहा दिवस फार महाग पडतात. ही लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. किसुमूच्या बाजूला, म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात किंवा समुद्रकिनारी नेमणूक असेल तर हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयीही डॉक्टरांना विचारावे. नैरोबी उंचावर असल्याने तिथे हा धोका पुष्कळच कमी आहे, पण नाताळात तुम्ही नैरोबीत राहणारच नाही. याचे कारण सहाव्या टप्प्यात येईल.

३. सामान : आईने भरलेली पिशवी पुन्हा उघडून पाहावी

कोल्हापूरकर परदेशी निघाला की कांदा-लसूण मसाला त्याच्या आधी बॅगेत बसतो. त्यात गैर काही नाही. तिखट आणि मसाल्याच्या पुडी विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, म्हणून त्या मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवाव्यात. तेल भरपूर असल्याने त्या ज्वलनशील समजल्या जातात आणि आपल्याच विमानतळावर काढून घेतल्या जातात. मसाल्यात किंवा करंजीच्या सारणात गेलेल्या खोबऱ्याला कोणी हरकत घेत नाही.

खरा धोका खसखशीचा आहे. पांढऱ्या रश्श्याला खसखस हवीच असे आपल्याकडे मानतात आणि म्हणून पाव किलोची पुडी सहज बॅगेत टाकली जाते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर अशा देशांत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. आफ्रिकेला जाणारी बरीच स्वस्त तिकिटे दुबईमार्गे असतात, आणि विमान चुकून रात्रभर तिथे थांबावे लागले तर तीच पुडी तुम्हाला तुरुंगापर्यंत नेऊ शकते. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे आणि प्रवास साधारण सहा तासांचा आहे. तरीही माझे मत असे की खसखस नेऊच नये. काजू आणि तीळ वाटून, नारळाचे दूध घालून रस्सा उत्तम होतो, आणि या तिन्ही वस्तू केनियात मिळतात.

दुसरी अडचण प्लास्टिकची. केनियाने ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी घातली आहे आणि कायद्यात दंडासोबत तुरुंगवासाचीही तरतूद आहे. चिवडा, चकल्या, शंकरपाळे दुकानाच्या पातळ पिशव्यांत गाठी मारून नेण्याची आपली पद्धत तिथे चालत नाही. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या वापराव्यात. डबे नंतर भेट म्हणून देता येतात आणि ते फार आवडतात. कारखान्यात बंद झालेली पाकिटे चालतात.

नाताळचा तारा किंवा दिव्यांची माळ न्यायची असेल तर तिथल्या भिंतीत तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो हे लक्षात ठेवून अडॅप्टर घ्यावा. खेड्यात वीज जाते, म्हणून सौर दिव्यांची माळ अधिक उपयोगी. डाळी, हळद, जिरे, बेसन यांचे ओझे वाहू नये. नैरोबीच्या पार्कलँड्स आणि न्गारा भागांत गुजराती दुकानांतून हे सर्व मिळते. त्याऐवजी मराठी गायनपुस्तक, टाळांची जोडी आणि वजनाची मुभा असेल तर लहान ढोलकी न्यावी. यजमानांच्या भेटीसाठी कोल्हापुरी चपला उत्तम, फक्त पायाची मापे आधी मागवून घ्यावीत.

४. नोव्हेंबरमध्ये यजमान पाळकांना तीन प्रश्न विचारावेत

पहिला प्रश्न : नाताळच्या उपासनेत माझ्याकडून काय अपेक्षित आहे? पाहुण्याने संदेश द्यावा अशी पद्धत अनेक ठिकाणी असते आणि ते आयत्या वेळी सांगितले जाते. संदेश स्वाहिलीत भाषांतरित होतो, त्यामुळे वीस मिनिटांचे बोलणे चाळीस मिनिटांचे होते. म्हणून तयारी निम्म्या लांबीची करावी आणि भाषांतर करणाऱ्याबरोबर आदल्या दिवशी एकदा बसावे. मराठीतली शब्दांची गंमत, अभंगाची ओळ, स्थानिक म्हण यांपैकी काहीही भाषांतरात टिकत नाही.

दुसरा प्रश्न : तयारीच्या कोणत्या कामात हात लावू? येथे नव्या सेवकाकडून हमखास गडबड होते. तो ख्रिस्तजन्माच्या नाटिकेचे दिग्दर्शन स्वतःकडे घेतो, कारण कोल्हापुरात त्याने ते वर्षानुवर्षे केलेले असते. तिथल्या संडे स्कूलच्या बाईंनीही ते वर्षानुवर्षे केलेले असते. खुर्च्या मांडणे, सुरूसारख्या झाडांच्या फांद्या आणून चर्च सजवणे, फुगे आणि रंगीत पट्ट्या लावणे, बटाटे सोलणे ही कामे मागून घ्यावीत. एखादे मराठी नाताळगीत टाळ-ढोलकीवर म्हणण्याची परवानगी मागितली तर ती बहुधा आनंदाने मिळते, पण गीत एकच म्हणावे.

तिसरा प्रश्न खाण्यापिण्याचा आणि पोशाखाचा. बऱ्याच केनियन मंडळ्या मद्याबाबत कडक आहेत, म्हणून रम घातलेला केक कोणाच्याही घरी नेऊ नये. स्त्रियांनी साडी नेसली तर तिचे कौतुक होते, परंतु लाल मातीच्या रस्त्यांवर फिकट रंगाची साडी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. पुरुषांनी सणाला कोट-टाय किंवा निदान नीट इस्त्री केलेला शर्ट घालावा. मिशनरी म्हणून साधेपणा दाखवण्यासाठी चुरगळलेला सदरा घालून जाणे तिथे साधेपणा समजले जात नाही, अनादर समजला जातो.

५. पैशाचा अंदाज

डिसेंबरमध्ये वर्गणी मागणारे बरेच येतात : चर्चचे छप्पर, कोणाची शाळेची फी, गायकवृंदाचे कपडे. एकत्र येऊन निधी उभारण्याची ‘हरांबी’ ही पद्धत केनियात रुजलेली आहे आणि तिच्यात परदेशी पाहुण्याचे नाव मोठ्याने वाचले जाते. ठरावीक रक्कम बाजूला काढून ती पाळकांच्या सल्ल्याने, शक्यतो मंडळीच्या खात्यात द्यावी. खेड्यांतल्या चर्चमध्ये अर्पणात कोंबडी, केळ्यांचा घड, अंडी, मका येतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. तुमच्याकडे पाहूनच बोली वाढवली जाते. एखादी वस्तू हसतमुखाने घ्यावी आणि ती तिथल्याच एखाद्या आजींना द्यावी. सगळ्या बोली जिंकणारा पाहुणा लोकांना आवडत नाही.

रोख रक्कम फार बाळगण्याची गरज नाही. २००७ मध्ये सुरू झालेली ‘एम-पेसा’ ही मोबाइलवरून पैसे देण्याची सोय भाजीवाल्यापासून चर्चच्या अर्पणापर्यंत सर्वत्र चालते. पोहोचताच पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्यावे आणि ती चालू करावी. कोल्हापूरच्या मंडळीने नाताळसाठी ट्रस्टच्या खात्यातून रक्कम पाठवण्याचे ठरवले असेल तर त्यांना आधी सीएंना विचारायला सांगावे, कारण धर्मादाय ट्रस्टचे उत्पन्न भारताबाहेर खर्च करण्यावर आयकर कायद्याची बंधने आहेत.

६. प्रवास आधी ठरवावा

नाताळात नैरोबी रिकामी होते. जो तो आपल्या मूळ गावी जातो, आणि तुमचे यजमानही तुम्हाला त्यांच्या गावी नेणार. २० डिसेंबरनंतर मटाटूचे, म्हणजे तिथल्या वडापचे भाडे मनाला येईल तसे वाढते. मोंबासाकडे जाणे असेल तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेचे तिकीट आधीच काढावे. ते सणात मिळत नाही. रात्रीचा रस्त्याने प्रवास या दिवसांत टाळावा. अपघातांचे प्रमाण पाहता याबाबत भिडेला बळी पडू नये.

७. २४ आणि २५ डिसेंबर

वेळ विचारताना घोटाळा होतो. स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे कोणी ‘सकाळचे चार’ म्हटले की दहा वाजता यायचे असते. इंग्रजीत सांगितलेली वेळ मात्र घड्याळाप्रमाणे असते. प्रत्येक निमंत्रणाला कोणत्या हिशेबाची वेळ ते स्पष्ट विचारून घ्यावे. दहाची उपासना साडेदहाला सुरू झाली आणि दोनपर्यंत चालली तर आश्चर्य मानू नये. पाणी आणि मुलांसाठी बिस्किटे जवळ ठेवावीत.

उपासनेत पाहुण्यांना उभे करून ओळख सांगायला लावतात. ‘ब्वाना असिफिवे’, म्हणजे प्रभूची स्तुती असो, एवढे म्हणून सुरुवात केली की सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणते आणि तुमची भीती निम्मी होते. त्यानंतर नाव, गाव, कोणाच्या निमंत्रणावरून आलो आणि आपल्या मंडळीचा सलाम, इतकेच सांगावे. पाळकांना ‘म्चुंगाजी’ म्हणतात. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘म्झे’ आणि आईला बहुधा तिच्या मुलाच्या नावाने ‘मामा अमुक’ अशी हाक मारतात. नावाने एकेरी हाक मारू नये, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुपारचे जेवण हा सणाचा गाभा आहे. बोकड सकाळीच कापलेला असतो. निखाऱ्यावर भाजलेले मटण, पिलाव आणि चपाती हे तिथले सणाचे पदार्थ. आपल्याकडे रोज ताटात असणारी चपाती तिथे अनेक घरांत नाताळची खास वस्तू असते, आणि सकाळपासून बायका मोठ्या परातीत कणीक मळत बसतात. पाहुण्या सेविकेने या कामात शिरणे हा ओळख वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. तिथली चपाती जाड, पदरांची आणि तेलकट असते; ती तशीच शिकून घ्यावी, आपली घडीची पोळी त्या दिवशी शिकवू नये. मटणात तिखट जवळजवळ नसते. म्हणून खिशातून मसाल्याची पुडी काढून यजमानांच्या ताटावर भुरभुरणे हे कितीही नैसर्गिक वाटले तरी टाळावे. जेवणाआधी हात धुवायला कोणीतरी तांब्या आणि घमेले घेऊन येते. पाणी घालणारे मूल असो वा गृहिणी, आभार मानावेत.

एका घरी जेवून उठलात म्हणजे सुटलात असे नाही. संध्याकाळपर्यंत तीन-चार घरांत जावे लागते आणि कुठेही नाही म्हणता येत नाही. पहिल्या घरी थोडे वाढून घ्यावे.

८. आपला नाताळ २६ तारखेला

२६ ची सुट्टी आपल्या घरासाठी राखून ठेवावी. त्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा करावा, डब्यातला फराळ काढावा, मराठी उपासना घरच्या घरी करावी, मुलांना रडू आले तर रडू द्यावे. यजमान कुटुंबाला रात्रीच्या जेवणाला बोलवावे. त्यांच्यासाठी तांबडा रस्सा वेगळ्या भांड्यात, तिखट पाव हिश्शाने घालून करावा. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते : २५ ला दिवसभर परक्या भाषेत बसलेल्या मुलांकडून पाहुण्यांसमोर गाणे म्हणवून घेण्याचा आग्रह पालकांनी सोडावा.

९. कोल्हापूरशी संपर्क आणि छायाचित्रे

केनियाचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे आहे. कोल्हापुरात २४ तारखेच्या रात्री बारा वाजतात तेव्हा तिथे साडेनऊ झालेले असतात. घरच्यांशी बोलायला ही वेळ उत्तम, कारण २५ तारखेला गावात नेटवर्क आणि फुरसत दोन्ही मिळत नाहीत. सकाळी नऊची आपली उपासना थेट पाहायची असेल तर तिथे साडेसहाला उठून बसावे लागेल.

छायाचित्रांबाबत कडक राहावे. भेटवस्तू हातात धरलेल्या गरीब मुलांचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवले की वर्गणी वाढते, हे खरे आहे, पण त्या मुलाच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय तो फोटो काढणे योग्य नाही. केनियात २०१९ चा विदा (डेटा) संरक्षण कायदाही आहे आणि मुलांच्या माहितीसाठी त्यात पालकांची संमती लागते. जेवणाच्या पंगतीचे, सजवलेल्या चर्चचे, गायकवृंदाचे फोटो विचारून काढावेत. कोल्हापूरच्या मंडळीला अहवाल लिहिताना यजमान पाळकांना तो आधी इंग्रजीत वाचून दाखवावा, आणि त्यांच्याविषयीचे एखादे वाक्य त्यांना खटकले तर ते काढून टाकावे. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथे बहुतेक मंडळ्यांत जागरणाची प्रार्थना असते, तेव्हा हे काम ३० पर्यंत उरकावे आणि ३१ ला दुपारी झोप काढावी.